घरातल्या टेपा दुकानात देऊन मोकळे होऊ नका

मामा २०२१ च्या मे महिन्यात गेला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी पाहुणे पांगल्यावर मामीने कपाटाच्या तळातून स्टीलचा एक डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. आत ३८ टेपा होत्या. काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या, मिनीडीव्ही म्हणतात त्या. प्रत्येकीवर निळ्या बॉलपेनने मामाचं अक्षर: 'जयंती ०३', 'धम्म परिषद', 'विहाराची पायाभरणी', 'आई', 'धाकटीचं लग्न'. मामी म्हणाली, "तुला कम्प्युटरचं कळतं ना बाई, बघ याचं काही होतं का."

आपल्यापैकी प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलं असणार. घरातला पहिला पदवीधर म्हणजे फॉर्म भरणारा, जातपडताळणीचे कागद जुळवणारा, मोबाइल बिघडला तर बघणारा. पदवी कसली आहे याला महत्त्व नाही. माझी समाजशास्त्राची आहे.

मामा नगरपालिकेत सफाईच्या कामावर होता. सौदीहून परत आलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून त्याने २००२ साली वापरलेला कॅमेरा हप्त्याने घेतला. मामी वर्षभर बोलली नाही म्हणे त्याच्याशी, म्हणजे कॅमेऱ्याबद्दल. त्या काळी एक टेप म्हणजे गावाकडे दोन दिवसांची मजुरी. तरी तो जयंतीला, लग्नाला, वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला कॅमेरा घेऊन हजर. लग्नाचे पैसे घ्यायचा, जयंतीचे नाही. २००९ च्या आसपास मोबाइलवर चित्रीकरण व्हायला लागलं आणि कॅमेरा कपाटात गेला.

मी तेव्हा हैदराबादला पीएचडीत अडकले होते. वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या टेपांचं फार काही वाटलं नव्हतं. मी सहा टेपा निवडल्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी एका व्हिडिओवाल्याकडे दिल्या. आठ दिवसांनी टेपा परत मिळाल्या, सोबत सहा डीव्हीडी. घरी बसून लावल्या. 'जयंती ०३' मध्ये मिरवणूक होती, पण मागे मिरवणुकीचा आवाज नव्हता. सिनेमातलं गाणं टाकलेलं. 'धम्म परिषद' वीस मिनिटांची. 'धाकटीचं लग्न' अकरा मिनिटांचं. मी फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, बाकी सगळी भाषणंच होती. आणि त्या लग्नाच्या टेपमध्ये पुढं लग्न नाहीच, कुठली तरी गडबड आहे. कामाचं तेवढं ठेवलं."

त्याच्यावर मी फार रागावू शकले नाही. तो लग्नाचे अल्बम करणारा माणूस. त्याच्या लेखी व्हिडिओ म्हणजे हार, अक्षता, जेवणाच्या पंगती. लांबलचक भाषण, स्टेजवर माइक घेऊन गाणारी म्हातारी, रस्त्यावरची गडबड, हे सगळं कापायचं. आमच्या घरातही हेच चालायचं की. टीव्हीवर टेप लागली आणि भाषण आलं की आम्ही पोरं ओरडायचो, "मामा, पुढं पळव!"

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या वस्तीतल्या टेपांमध्ये कामाचं काय आणि बिनकामाचं काय, हे ठरवण्याचं काम बाहेरच्याकडे देऊ नये. आणि थांबूही नये. जुन्या टेपा वाजवणारी यंत्रं आता कुणी बनवत नाही. व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन बंद केलं. युनेस्कोच्या एका कार्यक्रमाने ध्वनी आणि दृक्‌श्राव्य अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसोबत २०१९ मध्ये जगभरातल्या संस्थांना चुंबकीय टेपांबद्दल इशारा दिला होता. त्यात मुदत म्हणून २०२५ हे साल सांगितलं जात होतं. ते सालही आलं. टेप शिल्लक असेल पण ती वाचणारं यंत्र नसेल, यंत्र असेल तर सुटे भाग नसतील, ते असतील तर दुरुस्त करणारा नसेल. इशारा मोठ्या संस्थांना दिलेला होता. आपल्या मामीच्या कपाटापर्यंत तो कसा पोचणार?

आता हे करायचं कसं, ते सांगते. मला हे सांगणारं कुणी भेटलं नव्हतं आणि त्यात माझे चार महिने गेले.

पहिल्यांदा टेप खिडकीकडे धरून बघा. आतल्या गुंडाळीच्या कडेवर पांढरट पूड किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. अशी टेप यंत्रात घालायचीच नाही, एका टेपची बुरशी हेडला लागून पुढच्या सगळ्या टेपांना लागते. तिला वेगळ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि हे काम जाणणाऱ्याकडेच द्या. चांगल्या टेपेवरची, पुन्हा रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून असलेली छोटी खिट्टी आधी सरकवून घ्या. मग टेप एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवा, म्हणजे वर्षानुवर्षं पडून घट्ट झालेली गुंडाळी मोकळी होते.

मिनीडीव्ही टेपेत चित्र मुळातच आकड्यांच्या रूपात साठवलेलं असतं. म्हणून ते फायरवायर नावाच्या वायरने घेतलं तर टेपेतलं जसंच्या तसं संगणकात येतं, काही कमी होत नाही. नव्या लॅपटॉपला त्यासाठीचं भोक नसतं. मी हॉस्टेलमधल्या एका ज्युनिअरचा जुना डेस्कटॉप मागून घेतला, सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये फायरवायरचं कार्ड आणि वायर शोधली आणि विनडीव्ही नावाचं फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर टाकलं. टेप वाजवायला माझ्याकडे एका मैत्रिणीचा चांगल्या स्थितीतला कॅमेरा होता. तरी पहिल्या टेपेत नुसते चौकोन चौकोन दिसायला लागले. हेड साफ केलं, तरी तेच. मला वाटलं, गेलं सगळं.

मग कळलं की मामाने पैसे वाचवायला एलपी मोडवर चित्रीकरण केलं होतं. साठ मिनिटांच्या टेपेत नव्वद मिनिटं बसवायची ती सोय. यात टेपेवरच्या रेघा इतक्या बारीक होतात की ज्या कॅमेऱ्यावर रेकॉर्ड केलं तोच त्या नीट वाचतो, दुसरा वाचेलच असं नाही. मामीला फोन केला. कॅमेरा होता. डब्याच्या मागे, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला. बॅटरी मेलेली, पण अडॅप्टरवर चालू झाला. म्हणून सांगते, टेपा सापडल्या तर तो 'बिघडलेला' कॅमेरा भंगारवाल्याला देऊ नका.

टेप जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ ती उतरवायला लागतो. नव्वद मिनिटांची टेप नव्वद मिनिटंच घेणार. एका तासाचे साधारण १३ जीबी होतात. माझ्या सगळ्या टेपा मिळून सातशे जीबीच्या आत बसल्या. दोन हार्ड डिस्क घेतल्या, एक माझ्याकडे, एक मामीकडे. मोबाइलवर बघायला लहान प्रत वेगळी करा, पण मूळ फाइलला हात लावू नका. आणि टेप फेकू तर अजिबात नका. घरात व्हीएचएस, व्हिडिओ-८ किंवा हाय-८ असेल तर गोष्ट वेगळी. त्यात फायरवायर नाही, पिवळी-पांढरी-लाल वायर आणि यूएसबीची पट्टी लागते. अगदी स्वस्त पट्ट्यांमध्ये आवाज आणि चित्र हळूहळू एकमेकांपासून सुटत जातात. तेव्हा सुरुवातीच्या दहा मिनिटांवर समाधान मानू नका, शेवट तपासा.

फायरवायरवर मी इतकी अडून बसले त्याला एक कारण आहे. मिनीडीव्ही टेपेवर चित्रासोबत तारीख आणि वेळही न दिसणाऱ्या रूपात नोंदली जाते, सेकंदापर्यंत. फायरवायरने घेतलं तर ती फाइलमध्ये येते. पिवळ्या वायरने घेऊन डीव्हीडी केली की ती नोंद जाते. दुकानदाराने दिलेल्या सहाही डीव्हीडींत ती नव्हती.

आता 'धाकटीचं लग्न'.

अकरा मिनिटं मावशीच्या लग्नाची होती हे खरं. बाराव्या मिनिटाला चित्र तुटतं आणि २००५ च्या एप्रिलमधली आमच्या गावची जयंतीची मिरवणूक सुरू होते. त्या मिरवणुकीबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही. मी तेव्हा नववीत होते, वसतिगृहात. मला एवढंच माहीत की वरच्या आळीच्या चौकात मिरवणूक अडवली, दगड पडले आणि आमच्याच १९ पोरांवर दंगलीचा गुन्हा दाखल झाला. फिर्यादीत लिहिलं होतं की परवानगीची वेळ संपून गेल्यावर रात्री साडेनऊला मिरवणूक मुद्दाम चौकात नेली आणि तिथे घोषणा देऊन भांडण उकरून काढलं. आपल्या बाजूची तक्रार नोंदवलीच गेली नाही. खटला आठ वर्षं चालला. २०१३ मध्ये सगळे सुटले, पुराव्याअभावी.

त्या १९ मध्ये माझा मावसभाऊ होता. शिपाई भरतीत त्याची निवड झाली होती. चारित्र्य पडताळणीत हा गुन्हा निघाला आणि नेमणूक थांबली. निर्दोष सुटला तेव्हा वयाची मर्यादा ओलांडली होती. तो आता टेम्पो चालवतो.

टेपेत चौक दिसतो. पहिला दगड येतो तेव्हा नोंदलेली वेळ संध्याकाळी ६ वाजून ४४ मिनिटं आहे. कॅमेऱ्याचं घड्याळ माणूस लावतो, ते चुकीचंही असू शकतं, म्हणून मी आधीचा भाग तपासला. मिरवणूक निघण्याआधी समाजमंदिरात बुद्धवंदना चालू आहे आणि भिंतीवरचं घड्याळ चित्रात आलंय. टेपेच्या वेळेत आणि त्यात चार मिनिटांचा फरक. पण खरं तर घड्याळाची गरजच नव्हती. दगड पडतायत तेव्हा आभाळात उजेड आहे. मारुतीच्या देवळाचा कळस लख्ख दिसतो. एप्रिलमध्ये रात्री साडेनऊला आमच्याकडे उजेड नसतो. पुढे कॅमेरा पळतो, जमीन दिसते, चपला दिसतात. मग समाजमंदिरात बायका कुणाच्या तरी डोक्याला हळद लावतायत. तेव्हा ७ वाजून १९ मिनिटं झालीत. फिर्यादीतल्या वेळेच्या दोन तास आधी मिरवणूक संपलेली होती.

ही टेप आठ वर्षं घरात होती, आणि ती कुणी कोर्टात दिली नाही.

मामी म्हणाली, "भीती. दुसरं काय? पोलीस घरोघरी फिरत होते, कॅमेरा कुणाचा म्हणून विचारत होते. नोकरी तात्पुरती होती त्याची. मग त्यानं टेपवर लग्नाचं नाव लिहिलं." मला मामाचा राग आला, त्याच रात्री गेलाही. कंत्राटावरच्या सफाई कामगाराने २००५ साली एकट्याने काय करायला हवं होतं, हे मी हैदराबादच्या हॉस्टेलमध्ये बसून सांगणार का? त्याने टेप जाळली नाही, पुसून पुन्हा वापरली नाही. दोन दिवसांच्या मजुरीची वस्तू होती ती.

व्हिडिओ कोर्टात चालतो का, असं माझ्या वर्गातल्यांनीच विचारलं. चालतो, पण रीत आहे. आपल्या शेजारच्या जालन्याचंच उदाहरण घ्या. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत एका उमेदवाराचा अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत आला की नंतर, हा वाद निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओवर आला आणि थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० ला न्यायालयाने सांगितलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची नक्कल द्यायची तर प्रमाणपत्र जोडावंच लागतं. मात्र मूळ वस्तूच हजर केली आणि तिच्या मालकाने साक्षीला उभं राहून ती आपलीच आहे, आपणच वापरली, हे सिद्ध केलं तर प्रमाणपत्र लागत नाही. पुरावा कायदा आता बदलला, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, प्रमाणपत्राची अट कलम ६३ मध्ये कायम आहे. मूळ टेप फेकू नका असं मी वर म्हटलं ते नुसतं प्रेमापोटी नाही. डीव्हीडी ही नक्कल आहे, आणि माझ्या बाबतीत तर अकरा मिनिटांची नक्कल.

आमच्या टेपेचा कोर्टात आता काही उपयोग नाही. खटला संपला, मालक गेला. मावसभावाला मी टेप दाखवायची की नाही, यावर महिनाभर विचार केला. शेवटी तोच आला, टेम्पो दारात लावून. दगडांपर्यंत तो काही बोलला नाही. समाजमंदिरातला भाग आला तेव्हा म्हणाला, "थोडं मागं घे." मी मागे घेतलं. "अजून." कोपऱ्यात निळा शर्ट घातलेला एक माणूस पाण्याची घागर घेऊन जातो, तीन-चार सेकंद. त्याचे वडील. काका २००६ ला वारले, घरात त्यांचा एकच फोटो आहे, रेशनकार्डावरचा. त्याने तेवढा तुकडा मोबाइलवर मागून घेतला. गुन्ह्याबद्दल, नोकरीबद्दल एक शब्द नाही. जाताना म्हणाला, "वेळ बरोबर हाय म्हणजे आपली."

ही कामं यंत्राची कमी आणि माणसांची जास्त आहेत, हे मला मामीमुळे कळलं. सुट्टीत मी डेस्कटॉप उचलून गावी नेला. टेप चालू असताना मामी शेजारी बसायची, गवारीच्या शेंगा मोडत, आणि बोलत राहायची. "ही बघ, हिनं पहिल्यांदा दहा दिवसांचं शिबिर केलं." "हा पेटीवाला, परभणीकडचा, सामन्यात याला कुणी हरवलं नाही." मी वहीत लिहीत गेले: टेप क्रमांक, मिनिट, नाव, गाव, नातं. 'आई' लिहिलेल्या टेपेत माझी आजी सांगते की गावकीची कामं आमच्या घराने कशी सोडली, मेलेलं ढोर ओढायला नकार दिला तेव्हा विहिरीवर काय झालं. दुकानदाराच्या डीव्हीडीत यातलं एकही वाक्य नव्हतं, आजी फक्त हसताना होती. आजीच्या शेजारी बसलेल्या दोन बायका कोण, हे मामीलाही सांगता आलं नाही. ज्यांना सांगता आलं असतं ती मावशीआजी मी दुकानाच्या नादात घालवलेल्या वर्षात गेली. वहीत तिथे मी प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. टेप एखाद वर्ष अजून तग धरेल. म्हणून घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची टेप आधी घ्या, सगळ्यात जुनी टेप आधी नको.

कॅमेरा कुणाच्या हातात होता यावर आपल्याकडे काय उरलं ते ठरलं. शाहीर विलास घोगरे आपल्याला आज गाताना दिसतात, कारण आनंद पटवर्धनांच्या १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये ते गायले होते. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात दहा जण मारले गेले, चार दिवसांनी घोगरेंनी आयुष्य संपवलं, आणि पटवर्धनांनी पुढची चौदा वर्षं खपून 'जय भीम कॉम्रेड' केला. त्या फिल्मचं ऋण आहेच. पण तालुक्या-तालुक्याला जे शाहीर होते, गायन पार्ट्या होत्या, त्यांच्याकडे फिल्म करणारा कुणी आला नाही. आला असेल तर एखादा मामा, वापरलेला कॅमेरा घेऊन. अहमदाबादेत 'सेवा' संघटनेने १९८४ मध्ये भाजी विकणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांनाही व्हिडिओ शिकवला. तेलंगणात जहीराबादकडे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित बायका स्वतः फिल्म करतात. त्यांच्या टेपांमागे निदान संस्था उभी आहे. सुरतेच्या, इंदूरच्या, रायपूरच्या मराठी वस्त्यांतल्या कपाटांमागे कोण आहे? ते कपाट उघडणारा पदवीधर आहे, तेवढाच.

एका गोष्टीबद्दल मात्र सावध करते. उतरवलं की लगेच यूट्यूबवर टाकायचं, हा मोह आवरा. मामाच्या एका टेपेत २००७ चं एक लग्न आहे. मुलगी वरच्या आळीची, मुलगा आपला, नोंदणी करून आलेले, वस्तीने चार भिंतींत जेवण दिलेलं. ते दोघं आज दुसऱ्या शहरात दुसऱ्या आडनावाने राहतात. मी ती टेप उतरवली, प्रत त्यांना नेऊन दिली आणि माझ्या यादीत त्या ओळीपुढे काही लिहिलं नाही. मिरवणुकीची टेपही मी कुठे टाकलेली नाही. त्यात दगड मारणाऱ्यांचे चेहरे आहेत तसे आपल्याही पोरांचे आहेत, आणि त्यांची पोरं आता भरतीचे फॉर्म भरतायत. या लेखातही म्हणूनच गावाचं नाव नाही. काय दाखवायचं ते वस्तीने बसून ठरवावं. आमच्याकडे येत्या वर्षावासात विहारात बसणार आहोत, पडदा लावून. बायकांनी आधी बघायचं असं मामीने ठरवून टाकलंय.

३८ पैकी ३५ टेपा झाल्या. एकीचा फीत तुटला आहे, तो जोडता येतो, मी शिकतेय. दोघींना बुरशी आहे. त्यातल्या एकीवर लिहिलंय 'नामविस्तार दिन, १४ जानेवारी'. साल लिहायचं मामा विसरला. ती टेप सिलिका जेलच्या पुड्यांसोबत वरच्या फळीवर ठेवली आहे, आणि कुणाच्या हाती द्यायची ते मी शोधतेय.